कवीच्या घरातलं जनेल

पाय दाखवण्याआधी त्यांनी मला घर दाखवलं.

मी तेव्हा सिडनीत घरोघरी जाऊन जखमा धुणारी, पट्ट्या बदलणारी नर्स होते. पीटरशॅममधल्या एका चिंचोळ्या घराचा पत्ता हातात होता. रुग्ण सत्तरीकडे झुकलेले, घोट्यावर न भरणारी जखम, एकटे राहतात, मूळचे पोर्तुगीज, एवढीच माहिती मला मिळाली होती. दार उघडलं ते एका बुटक्या, सावळ्या गृहस्थांनी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय, एका पायात चकचकीत बूट आणि दुसऱ्या पायात सपात. माझ्या बॅगेकडे त्यांनी पाहिलंच नाही. "म्युझियम?" एवढंच म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं की मी म्युझियमसाठी नाही, तुमच्या पायासाठी आले आहे. ते म्हणाले, पाय कुठे जात नाही, आधी हात धुवा.

दाराशेजारी त्यांनी खास पाहुण्यांसाठी नळ बसवून घेतला होता. साबण त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला आणि मी बोटांच्या बेचक्या धुते की नाही हे उभं राहून पाहिलं. मी नर्स आहे हे सांगून काही उपयोग झाला नाही.

मग पुढची खोली. लोखंडी पलंग, त्यावर सुरकुती नसलेली करडी चादर. खिडकीखाली टेबल. टेबलावर चष्मा, फेल्टची टोपी, दाढीचा ब्रश. आणि केक झाकतात तसल्या काचेच्या झाकणाखाली एक ॲशट्रे, तिच्यात सिगारेटचं एक थोटूक. "शेवटची," ते म्हणाले आणि मी ती नीट पाहीपर्यंत थांबले. भिंतीवर एका लांब नाकाच्या माणसाचा फोटो होता. हे पोर्तुगालचे एक कवी. तिथल्या हुकूमशाहीत राहवेना म्हणून बायको-मुलीला मागे ठेवून निघाले, मिळेल त्या जहाजाने फिरत फिरत इथे पोचले. इथे बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी केली, हे घर घेतलं, या टेबलावर कविता लिहिल्या आणि याच पलंगावर गेले. शेवटी त्यांनी आपल्या देशाचं नाव घेतलं. हे वाक्य माझ्या रुग्णांनी छातीवर हात ठेवून म्हटलं.

ऑगस्ट महिना होता, म्हणजे तिथला हिवाळा. खिडकी सताड उघडी, आणि वारा थेट माझ्या मानेवर. मी सहज हात लांबवून ती ओढून घेतली. त्यांनी बोलणं न थांबवता ती पुन्हा उघडली.

अखेर मागच्या स्वयंपाकघरात पाय बघायला मिळाला. जखम जुनी होती, कडा कडक झालेल्या. मी बादलीत पाणी काढलं, हाताने अंदाज घेतला आणि त्यांचा पाय आत सोडला. तिथला गरम पाण्याचा नळ किती गरम आहे, हे मला माहीत नव्हतं.

"आये गे, भाजला माझा पाय!"

मी थंड पाणी घातलं, पाय पुसला आणि मराठीत विचारलं, "पोर्तुगालमध्ये असंच ओरडतात का?"

त्यांनी उठून आधी मागचं दार लावलं. घरात आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं.

"तू कोणाची?" त्यांनी विचारलं.

मी गाव सांगितलं. तेही वसईचेच निघाले, माझं माहेर त्यांच्या देवळापासून सायकलने जाता येईल इतकं जवळ. देऊळ म्हणजे चर्च. आमच्याकडे ख्रिस्ती माणसंही देऊळच म्हणतात. त्यांनी माझ्या आजोबांचं नाव विचारलं, ते ओळखीचं निघालं नाही याचा त्यांना आनंद झालेला दिसला. मग त्यांनी नियम सांगितला. मराठी बोलायचं ते मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली. घरात नाही. पुढच्या खोलीत तर मुळीच नाही.

"आत मी पोर्तुगीज आहे, बाय," ते म्हणाले. "तुझं तू बघ."

झाडाखाली एक उलटी बादली असायची, तीवर ते बसायचे आणि मी पायरीवर. मी त्यांना काका म्हणू लागले. पट्टी करता करता त्यांची हकीकत तुकड्यातुकड्याने कळत गेली. ते जहाजावर स्वयंपाकी होते. सिडनी बंदरात आजारी पडून मागे राहिले आणि बरे झाल्यावर त्यांना परत जायचं नव्हतं. तो गोऱ्यांनाच घेण्याचा काळ. आडनाव मात्र आम्हा वसईच्या सगळ्या ख्रिस्ती लोकांसारखं पोर्तुगीज. त्या आडनावावर त्यांनी इमिग्रेशनच्या कचेरीत सांगितलं की मी पोर्तुगीजच, ऊन लागून काळा झालोय. ऑफिसर हसला नाही. कोणी ओळखणारं आहे का, म्हणाला. काका तेव्हा या कवींकडे खोली भाड्याने घेऊन राहत होते. कवी कारखान्यातून एक दिवस रजा काढून सोबत आले. ऑफिसरसमोर बसून ते काकांशी धडाधड पोर्तुगीज बोलले, हात हलवले, डोळे पुसले, खांद्यावर थाप मारली. काका मध्ये मध्ये "सिं, सिं", म्हणजे हो हो, म्हणत राहिले. ऑफिसरने शिक्का मारला. बाहेर आल्यावर काकांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं की तुम्ही एवढं काय बोललात. कवी म्हणाले, खारवलेला मासा भिजवायची आईची रीत सांगत होतो, तुझ्या लक्षात राहिली असेल तर रविवारी कर.

ही गोष्ट सांगताना काका प्रत्येक वेळी हसायचे, आणि प्रत्येक वेळी हसून झाल्यावर रस्त्याकडच्या बाजूला एकदा बघायचे. इतकी वर्षं होऊन गेली, कायदा बदलला, माझ्यासारख्या बायका रीतसर विमानाने येऊन सरकारी नोकरी करू लागल्या, तरी त्यांच्या मनातला तो ऑफिसर काही रिटायर होत नव्हता. मी त्यांना हे सरळ सांगितलं. ते म्हणाले, "तू पुढच्या दाराने आलीस. मी त्या माणसाच्या तोंडच्या शब्दावर आत आलो. तो गेला. आता त्याचं घर उघडं ठेवायला नको?"

म्हणून म्युझियम. कवी वारल्यानंतर घर त्यांच्या मुलीचं झालं. ती पोर्तुगालमध्ये, शाळेत शिक्षिका. तिने कळवलं होतं की तूर्त राहा. काकांनी 'तूर्त' या शब्दाचा अर्थ आपल्या परीने लावला आणि आठवड्याभरात दाराबाहेर पाटी टांगली.

म्युझियमला येणार कोण? रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून पोर्तुगीज कुटुंबं यायची. त्यांच्याशी काका इंग्रजीतच बोलायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, मुलांना समजायला हवं. मुलं तशीही इंग्रजीच बोलत होती, त्यामुळे आईबापांना ते पटायचं. इतर वारी मिळेल त्याला. विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस हात धुऊन, थोटकाचं दर्शन घेऊनच मीटरपर्यंत पोचायचा. एकदा व्हॅक्यूम क्लीनर विकणारा तरुण आला, त्याला काकांनी पाऊण तास फिरवलं आणि शेवटी विचारलं, काही प्रश्न? त्याने विचारलं, कार्पेट आहे का?

प्रत्येकाला जाताना पेरादची वडी मिळायची. पेराद म्हणजे पेरू शिजवून, गाळून, साखरेत घोटून केलेली घट्ट लाल वडी. ती मात्र उत्तम असायची. माझा नवरा कधी त्या घरी आला नाही, पण पट्टीचा दिवस कुठला हे त्याला पाठ होतं.

ते झाड काकांनी स्वतः लावलेलं. कवी हयात असतानाच रोप आणलं, थंडीत गोणपाट गुंडाळून जगवलं. म्युझियमचा शेवट त्या झाडापाशी व्हायचा आणि तिथे काकांचा आवाज बदलायचा. कवींची एक कविता होती, तिकडे शाळेत शिकवतात म्हणे. पोर्तुगीज क्लबात पाद्रीबाबांनी ती वाचून दाखवली तेव्हा काका मागच्या बाकावर बसलेले. सगळं डोक्यावरून चाललं होतं, आणि मधेच एक शब्द कानात शिरला. पेरा. पुन्हा थोड्या वेळाने, पेरा. लोक माना डोलवत होते, एक बाई रडत होती. काका घरी आले आणि झाडाखाली जाऊन बसले.

"म्हणजे आपला पेरू," मला म्हणाले. "मी लावलेला. त्यांनी घातला की नाही कवितेत? माझं नाव नाही घालता येणार, ते धोक्याचं. मग झाड घातलं."

मी म्हटलं, पाद्रीबाबांकडून अर्थ तरी लावून घ्या. ते म्हणाले, मला अर्थ लागलेला आहे.

दोघांचं घरात चालायचं कसं, हे मी एकदा विचारलं. कवींचं इंग्रजी वाईट, काकांचं त्याहून वाईट. काका म्हणाले की ते त्यांचं बोलायचे, मी माझं बोलायचो. सुरुवातीला नुसता गोंगाट. एकदा काका चावी शोधत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, चावी कुठं गेली, चावी कुठं गेली. कवी खोलीतून धावत बाहेर आले. त्यांच्याकडेही चावीला जवळपास तोच शब्द. मग दोघं खेळायलाच लागले. बादली निघाली, साबण निघाला, बटाटा निघाला, पाव तर होताच. एखादा शब्द जुळला की कवी मांडीवर थाप मारायचे आणि त्या दिवशी भांडी ते घासायचे.

काका पोर्तुगीजांवर कधी रागावले नाहीत, कौतुकानेही बोलले नाहीत. वसईत ते आले, राहिले, गेले. आपल्या देवळांच्या भिंती आणि हे एवढे शब्द तेवढे राहिले, असं म्हणून विषय संपवायचे.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मी गेले तर काकांनी मला हात धुवायला सांगितलं नाही. तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. कवींची मुलगी येणार होती. वडिलांचं घर बघायला आणि त्याचं काय करायचं ते ठरवायला. विकेल, म्हणाले. विकेल ते विकेल, पण त्याआधी पोर्तुगीजमध्ये बोलेल. आणि मी तोंड उघडलं की तिला कळेल की बापाच्या घरात कोण बसलंय. क्लबात कळेल. मग कचेरीत.

मी म्हटलं की कचेरीला दुसरे उद्योग आहेत. सरळ खरं सांगून टाका.

"आणि पाटी? एवढी वर्षं मी काय म्हणून उभा होतो इथे?"

पायाची जखम काळजीने चिघळते हे मला माहीत होतं. म्हणून मी पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हटलं, बरं, किती शब्द आहेत आपल्याकडे? मग पुढचे काही आठवडे तोच धंदा. मी घरी पोळ्या लाटताना शब्द आठवायची. सपाता. तुवाल. कोबी. काजू. क्रूस. पगार नको, तो त्यांच्याकडे वेगळ्या अर्थाने आहे, असं काका म्हणाले. एकदा मला वाटलं, सगळ्यात सोपा राहिलाच की. आमच्याकडची जुनी माणसं खिडकीला जनेल म्हणतात.

"जनेल," मी म्हटलं. "पुढच्या खोलीत कामाला येईल. तुमचं ते उघडं असतंच कायम."

"तो नको," काका म्हणाले.

का नको, ते सांगितलं नाही. मी सोडून दिलं. एखाद्या शब्दावर माणसाचा राग असू शकतो.

बेत असा ठरला. काका जास्त बोलणार नाहीत, वस्तू दाखवतील आणि शब्द म्हणतील. म्हाताऱ्या माणसाला हे शोभून दिसतं. मी त्या दिवशी पट्टीसाठी म्हणून हजर असायचं. तिने काही लांबलचक विचारलं की मी म्हणायचं, पट्टीची वेळ झाली.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती आली. उंच, चाळिशीची, रेनकोट घातलेली. फोटोतलं नाक तिच्या चेहऱ्यावर होतं. काकांनी तिला नळ दाखवला आणि तिने न विचारता बाह्या सारून कोपरापर्यंत हात धुतले. काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे बाई बरी आहे.

सुरुवात चांगली झाली. काकांनी किल्ली वर धरली आणि चावी म्हटलं. शेवटचा स्वर त्यांनी बदलला होता, कवी म्हणायचे तसा. ती हसली, काहीतरी बोलली. काका म्हणाले, "सिं." मग बादली, साबण, तुवाल. ती मान डोलवत वस्तूंवरून हात फिरवत होती. टोपीपाशी बराच वेळ थांबली. काचेच्या झाकणाखालचं थोटूक पाहून तिने ओठ दाबले. हसू की रडू, मला सांगता आलं नाही. मग ती पलंगाकडे वळली आणि एक मोठा प्रश्न विचारला. त्यातला एकही शब्द आमच्या साठ्यातला नव्हता.

"पट्टीची वेळ झाली," मी इंग्रजीत म्हटलं.

तिने काकांच्या घोट्याकडे पाहिलं. तो मी नुकताच पांढराशुभ्र बांधला होता. काका घाईने म्हणाले, "गार्डन," आणि आम्ही तिघं मागे आलो.

झाड फळांनी लगडलेलं होतं, जमिनीवर सडा, सगळीकडे तो पिकलेला वास. हा काकांचा हुकमी एक्का. त्यांनी एक पिवळा पेरू तोडला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"पेरा," ते म्हणाले. मग फोटोतल्या माणसाच्या खोलीकडे बोट दाखवून, "पोएम. पेरा."

तिने फळ पाहिलं, झाड पाहिलं. मग इंग्रजीत, अगदी सौम्य आवाजात म्हणाली की हे पेरा नाही. हे फळ आमच्याकडे होत नाही, त्याला दुसरं नाव आहे. पेरा म्हणजे पेअर, नाशपाती. कवितेतलं झाड आजीच्या अंगणातलं. मी त्यावरून पडले होते, हे बघा. तिच्या हनुवटीखाली पांढरी रेघ होती.

काका पेरू धरून तसेच उभे राहिले. मी आजवर माणसांना वाईट बातम्या घेताना पुष्कळ पाहिलं आहे. ते रडले नाहीत, गडबडले नाहीत. ते फक्त त्या झाडाकडे असं बघू लागले, जणू कोणीतरी रातोरात ते तिथे आणून लावलं होतं.

"पट्टीची वेळ झाली," मी पुन्हा म्हटलं. कोणीच ऐकलं नाही.

"तुम्ही बासाईंचे," ती काकांना म्हणाली. बासाईं म्हणजे वसई. ते लोक तसं म्हणतात.

काका उलट्या बादलीवर बसले. मग ती बोलत राहिली, आणि तिचं इंग्रजी साधं असल्यामुळे आम्हाला सगळं समजलं. तिकडचं सरकार पडल्यावर तिचे वडील एकदाच घरी आले होते. राहतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते म्हणाले, मला परत जायचंय, घरी माणूस वाट बघतोय. कोण माणूस? बासाईंचा आहे. तो त्याची भाषा बोलतो, मी माझी, आणि संध्याकाळपर्यंत जेवण तयार असतं. आईला हे आवडलं नव्हतं, ती म्हणाली. मला आवडलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," काका इंग्रजीत म्हणाले. "मग मघापासून…?"

तिने खांदे उडवले. "तुम्ही इतकं छान दाखवत होता."

मला हसू आलं. काकांना आलं नाही. ते विचारत होते की घर कधी रिकामं करायचं. ती म्हणाली, घराचं नंतर बघू. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी आले आहे, तीच मघाशी आत विचारली. क्लबातले लोक सांगतात की पपांनी शेवटी देशाचं नाव घेतलं. त्या देशाचं नाव घेऊन माझे वडील फक्त शिव्या द्यायचे. ते खरंच तसं म्हणाले का?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच बाहेरच्या माणसासमोर त्यांनी मराठीत तोंड उघडलं.

"बाय, हिला काय सांगू?"

"झालं ते सांगा. मी इंग्रजीत सांगते."

मग ते सांगत गेले आणि मी तिला सांगत गेले. दुपार होती. कवी बरेच दिवस अंथरुणावर होते, बोलणं बंदच झाल्यासारखं. काका स्वयंपाकघरात सूप ढवळत होते. आतून हाक आली म्हणून गेले. त्यांनी एकच शब्द म्हटला. काकांनी त्याप्रमाणे केलं. कवी बाहेर बघत पडले. काका सूप आणायला गेले आणि येईपर्यंत ते गेले होते. नंतर लोक आले, पाद्रीबाबा आले. शेवटी काय म्हणाले, काय म्हणाले. एवढा मोठा माणूस, त्याचं शेवटचं बोलणं म्हणून असं काही कसं सांगायचं? पाद्रीबाबांनी विचारलं, देशाची आठवण काढली का? काकांनी होकाराची मान हलवली.

"कुठला शब्द?" तिने विचारलं. मी ते काकांना विचारलं.

"जनेल," काका म्हणाले.

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. तिच्या तोंडून तो शब्द तसाच बाहेर पडला, फक्त शेवटी एक स्वर जास्त. आत पुढच्या खोलीत वाऱ्याने पडद्याची कडी वाजत होती, ती अंगणापर्यंत ऐकू येत होती.

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला आणि मी तो मराठीत केला. ते जनेल म्हणाले ते तुमच्या भाषेत की आमच्या?

काकांनी हातातला पेरू फिरवला.

"तेच मला कळलेलं नाही," ते म्हणाले. "शेवटचा स्वर होता की नव्हता. श्वास लागला होता. तिच्या भाषेत म्हणाले असतील तर घरच्या कोणाला तरी सांगत होते. माझ्या भाषेत म्हणाले असतील तर मला. मी पुष्कळ आठवून बघितलं, बाय. कधी असं ऐकू येतं, कधी तसं."

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला, माझ्याकडून काही घातलं नाही.

"तुम्ही उघडलंत ना?" ती म्हणाली.

"लगेच," काका म्हणाले. हे त्यांनी इंग्रजीत, स्वतःच सांगितलं.

तिने त्यांच्या हातातून पेरू घेतला आणि खाल्ला. बिया दातांत अडकल्या तेव्हा आमच्यासमोरच बोटाने काढल्या. मग म्हणाली की तुम्ही आहात तोवर घर आहे तसं राहील. हे तिने बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. वडिलांची एक वस्तू सोबत न्यायची तिची इच्छा होती. काका म्हणाले, सगळं तुझंच आहे, हवं ते घे. तिने काचेच्या झाकणाला हात लावला. काका म्हणाले, ते सोडून. ती टोपी घेऊन गेली, आणि निघताना नळावर हात धुऊन गेली.

त्यानंतर म्युझियममध्ये काही बदल झाले. काका पुढच्या खोलीत माझ्याशी मोठ्याने मराठी बोलू लागले, पाहुणे असले तरी. देशाच्या नावाची गोष्ट गेली. पलंगापाशी आता ते इंग्रजीत सांगायचे, "शेवटचा शब्द, खिडकी," आणि थांबायचे. काही लोक हसायचे. "कुठल्या भाषेत, ते माहीत नाही," असं पुढे सांगितल्यावर कोणी हसायचं नाही, पण कोणाला कळायचंही नाही. पाद्रीबाबा नाराज झाले, एक-दोन रविवार फिरकले नाहीत, मग वडीसाठी आले. पेरूच्या शेजारी काकांनी नाशपातीचं रोप लावलं. त्याला शेवटपर्यंत फळ धरलं नाही. काका मात्र दोन्ही झाडांकडे हात करून पेरा म्हणायचे आणि कोणी दुरुस्त केलं तर त्याला वडी द्यायचे नाहीत.

जखम पुढच्या उन्हाळ्यात भरली. माझं सरकारी काम संपलं, तरी सुट्टीच्या दिवशी मी जात राहिले, त्यांनी ऐंशी ओलांडल्यावरही काही वर्षं, ते जाईपर्यंत. थंडीत ती खोली बर्फासारखी व्हायची. पावसाची झड आत येऊन टेबलाचं पॉलिश उडालं होतं, पडदा कुजला होता. पूर्वी मी काकांची नजर चुकवून खिडकी लावायची आणि ते उघडायचे, हे आमचं ठरूनच गेलं होतं. ती मुलगी येऊन गेल्यापासून मी लावणं सोडलं. तिकडे जाताना आतून एक जास्तीचा स्वेटर घालायची.